भोवरा कुठल्या बाजूचा

माझ्या डोक्यावर एक भोवरा आहे आणि तो मी आजवर पाहिलेला नाही. तसा कुणीच आपला भोवरा पाहत नाही, त्यात माझं वेगळं काही नाही. पण तो सव्य आहे की अपसव्य, म्हणजे देवाला प्रदक्षिणा घालतो त्या बाजूनं फिरतो की त्याच्या उलट, एवढ्या एका गोष्टीसाठी माझा जीव महिनाभर टांगणीला लागला होता. वाचणाऱ्याला हसू येईल. येऊ दे. मला तेव्हा आलं नव्हतं.

माझे यजमान ठाण्याला मराठी शाळेत मास्तर होते. त्यांचं नाव मी उखाण्यापलीकडे कधी तोंडानं घेतलं नाही, तेव्हा इथंही मी नुसतं ‘हे’ एवढंच लिहिणार. टेंभीच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या, मागे एक पायरी आणि विहीर. सासूसासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, थोरले दीर कल्याणला. मूलबाळ झालं नाही. त्या काळात नवराबायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलणं हा केवढा आगाऊपणा समजत, पण आमच्याकडे डोळे वटारायला कुणी नव्हतंच. ह्यांनी मला वाचायला शिकवलं ते त्यामुळेच जमलं.

शाळेच्या हेडमास्तरांकडून ह्यांनी एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, आकाशातल्या गोष्टींचं. त्याचं मराठी करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. शाळेतून आले की अंगरखा खुंटीला आणि हे पुस्तकात. सूर्य झाला, चंद्र झाला, ग्रह झाले, आणि मग एका चित्राशी त्यांचं घोडं अडलं. काळ्या चौकोनात पांढुरका धूर गरगरत मध्यावर गोळा झालाय असं काहीतरी होतं. हे म्हणाले, “हा तेजोमेघ. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. लहान दुर्बिणीतूनही डागच दिसतो. विलायतेकडे कुणी भली थोरली दुर्बीण बांधली, तिच्यातून पाहून हे हातानं काढलंय.”

“मग अडलंय कुठे?”

“याला म्हणावं काय? मी ‘सर्पिलाकृती’ असं लिहिलंय.”

मी चित्र उलटसुलट करून पाहिलं. “यात साप कुठे आहे?”

“साप नाही गं. सापाच्या वेटोळ्यासारखा आकार.”

“साप वेटोळं घालून बसला की गप्प बसतो. हे फिरतंय. हा सरळ भोवरा आहे.”

“भोवरा म्हणजे लाकडाचा?”

“लाकडाचा, पाण्यातला, डोक्यावरचा. तुम्हाला लागेल तो घ्या.”

ह्यांनी दौतीत बोरू बुडवून ‘सर्पिलाकृती’वर आडवी काट मारली. पुढे दोन दिवस मी स्वतःवर इतकी खूश होते की आमटीत मीठ घालायला विसरले. तेही ह्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

पुढच्या सुट्टीत दिरांकडे कल्याणला निघालो. गाडी ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावर आली तशी ह्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. माझी पाचावर धारण बसली. मी त्यांच्या उपरण्याचं टोक घट्ट धरून बसले. ओहोटी लागली होती आणि पुलाच्या खांबांपाशी पाणी गरगरत होतं. आत आल्यावर म्हणाले, “फेस आहे म्हणून भोवरा दिसला. नुसतं पाणी फिरलं असतं तर कळलंही नसतं. आपल्याला घरी करून पाहायचा तर फेसासारखं काहीतरी पाहिजे.”

मी म्हटलं, “दूध.”

घरी परतल्यावर त्यांनी न्हाणीतलं मोठं तांब्याचं घंगाळ मागच्या पायरीपाशी ओढलं, काठोकाठ भरलं आणि मला म्हणाले, “रवी आण.” मी हसायलाच लागले. सगळं आकाश फिरवून दाखवणाऱ्या माणसाला एवढंही माहीत नव्हतं की रवी दोरीनं एकदा इकडे फिरते आणि एकदा तिकडे. तिनं ताक होईल, भोवरा कसा होणार? मी पळी आणली. पाणी एकाच बाजूनं चांगलं ढवळलं, पळी हळूच काढून घेतली, आणि काठापासून मध्यापर्यंत दुधाची एक सरळ रेघ सोडली. रेघ सरळ राहिलीच नाही. मधलं पाणी भराभर फिरत होतं, काठाचं रेंगाळत होतं, त्यामुळे रेघेचं आतलं टोक पुढे पळालं आणि बाहेरचं मागे राहिलं. बघता बघता पांढरा बाक आला, आणि पुस्तकातलं चित्र आमच्या घंगाळात उतरलं. ह्यांनी टाळी वाजवली. चाळिशीला आलेला मास्तर, आणि टाळी.

पळी सव्य फिरवली तरच चित्रासारखा आकार येतो, उलटी फिरवली की आकारही उलटा, हे आम्ही चार वेळा करून पाहिलं. ते ताडून पाहण्याची ह्यांची एक रीत होती. बाहेरच्या टोकावर बोट ठेवायचं आणि रेघेरेघेनं आत यायचं. चित्रावर बोट सव्य फिरे. “बाहेरून आत,” हे मला बजावून सांगत. “आतून बाहेर गेलीस तर दिशा उलटी लागेल. कायम बाहेरून आत.”

पण मला घंगाळात दुसरंच दिसत होतं. भोवरा टिकत नव्हता. चार वेढे झाले की पांढऱ्या रेघा बारीक होत, एकमेकींना चिकटत, आणि थोड्या वेळानं सगळं पाणी सारखं गढूळ होऊन जाई. मी विचारलं, “मग आकाशातला कसा नाही विरघळला? तो तर किती जुना असेल.”

हे पळीनं गढूळ पाणी ढवळत बसले. शेवटी म्हणाले, “एक तर तो इतका सावकाश फिरतो, की आपल्याला त्याचा एकच क्षण दिसतोय. नाहीतर कुणीतरी अजून पळी फिरवतंय.”

“कोण?”

“ते पुस्तकात दिलेलं नाही.”

आणि त्यांनी माझा प्रश्न वहीत लिहून घेतला. म्हणाले, छापताना हा घालणार.

आता डोक्यावरच्या भोवऱ्याचं सांगते. त्या दिवशी मी न्हाले होते आणि मागच्या पायरीवर उन्हात केस वाळवत बसले होते. केस भरपूर होते माझे, सांगायला हरकत नाही. हे पुस्तक घेऊन मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “कुणाकुणाचं असं म्हणणं आहे, की आपण राहतो तोही असाच एक भोवरा असावा. आपला सूर्य, या सगळ्या चांदण्या, ती आकाशगंगा, सगळं मिळून.”

“मग दिसत का नाही?”

“आत बसलोय म्हणून. तुझ्या डोक्यावरचा तुला दिसतो का?”

“मला कसा दिसेल?”

“मला दिसतो,” हे म्हणाले, आणि ओले केस बाजूला करून त्यांनी टाळूच्या मागे बोट ठेवलं. बाहेरून आत, हळूहळू. “सव्य. अगदी चित्रातल्यासारखा.” मग पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी माझं बोट धरलं आणि चित्रावरून तसंच फिरवलं. मी लाजून चूर झाले. वर ऊन होतं, विहिरीवर शेजारीण रहाट ओढत होती, आणि मला वाटलं, आता हिनं पाहिलं तर गावभर होईल. पण मी बोट काढून घेतलं नाही.

पुढच्याच थंडीत हे तापानं गेले. आठवा दिवस त्यांनी पाहिला नाही.

दीर मला कल्याणला घेऊन आले. ठाण्याच्या खोल्या सोडल्या, घंगाळ विकलं. पुस्तक हेडमास्तरांचं होतं, ते त्यांच्याकडे गेलं आणि त्यांच्या बदलीबरोबर कुठे गेलं ते देवाला ठाऊक. भाषांतराच्या वह्या आणि ह्यांनी पातळ कागदावर उतरून घेतलेलं ते चित्र, असं एक बासन बांधून शाळेतले दुसरे मास्तर घेऊन गेले. शेवटची दोन प्रकरणं आपण पुरी करून छापू, असं ते दिरांना म्हणाले. मला कुणी विचारलं नाही. मी दाराआडून ऐकलं.

केसांचं जे व्हायचं ते झालं. त्यावर मी फार लिहिणार नाही, लिहायला बसले तर अंगाचा तिळपापड होतो. दर पंधरवड्याला एक म्हातारा न्हावी सकाळी परसात येई, मी मान खाली घालून बसे, तो आपलं काम करी आणि जाई. दोघांपैकी कुणीच बोलत नसे. हे वर्षानुवर्षं चाललं.

दिरांच्या घरात मला कुणी छळलं असं म्हणणं खोटं होईल. पण मी एकटी होते. दिवसभर माणसांत असून एकटी होते, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. माझ्याशी बोलणं म्हणजे ‘भाजी चिरून झाली का’ आणि ‘पापड वर घेतलेत का’. आकाशातला भोवरा विरघळत का नाही, हे मी कुणाला विचारणार? मी मनात तीच ती पायरी, तेच घंगाळ, तेच बोट पुन्हा पुन्हा फिरवत बसे. आणि मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं की ह्यांचा आवाज मला नीटसा आठवत नाही. चेहराही कडेकडेनं पुसट व्हायला लागला होता. घंगाळातलं दूध होई तसंच सगळं सारखं होत चाललं होतं. पण पायरीवरची ती दुपार अजून जशीच्या तशी होती. बोट बाहेरून आत, सव्य. तेवढं मी जपून होते.

ह्यांचं पुस्तक छापून आलं तेव्हा ह्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्या मास्तरांनी एक प्रत दिरांना पाठवली, दिरांनी ती कौतुकानं चाळली आणि फडताळात ठेवली. घर दुपारचं निजल्यावर मी ती काढली आणि परसातल्या तुळशीपाशी घेऊन बसले. शब्द होता! ‘भोवऱ्याच्या आकाराचा तेजोमेघ’ असं स्वच्छ छापलं होतं. माझा प्रश्नही होता: ‘येथे कोणी जिज्ञासू विचारील की, हा भोवरा अद्यापि विरून कसा गेला नाही.’ मी कोणी जिज्ञासू झाले होते. मला हसू आलं आणि डोळे भरून आले.

मग मी समोरच्या पानावरच्या चित्रावर बोट ठेवलं. बाहेरच्या टोकावर, आणि आत आणलं.

बोट अपसव्य फिरलं.

मला वाटलं, चुकलं. पुन्हा फिरवलं. पुस्तक उलटं धरलं, आडवं धरलं. कसंही धरा, बोट उलटंच जात होतं. आमच्यात अपसव्य म्हटलं की श्राद्ध डोळ्यांपुढे येतं, जानवं दुसऱ्या खांद्यावर आणि पिंड. चित्र जर असं होतं, तर मग ती दुपार खोटी? सगळं सगळं बरोबर छापलंय, शब्द बरोबर, प्रश्न बरोबर, आणि चित्र तेवढं चुकलं असं कसं होईल? माझंच काहीतरी चुकलं असणार. मी इतक्या वर्षांत ती दुपार मनात फिरवून फिरवून उलटी करून ठेवली असणार. आणि ती उलटी, तर ह्यांच्याबद्दलचं माझ्याकडचं दुसरं तरी काय खरं धरायचं? मी पुस्तक मिटलं आणि त्या रात्री जेवले नाही. जावेला पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मात्र मनातून जाईना. दीर कचेरीत होते आणि त्यांच्याकडे एक पितळी शिक्का होता. त्यावरची अक्षरं उलटी कोरलेली असत, तेव्हा कागदावर सुलटी उमटत. पुस्तक शिळाप्रेसवर छापलं होतं, म्हणजे दगडावरून. दगडावर चित्र काढणाऱ्यानं अक्षरं तेवढी उलटी काढली असतील, कारण अक्षर चुकलं तर लगेच कळतं. धुराचं चित्र त्यानं जसंच्या तसं दगडावर उतरवलं असेल. मग कागदावर ते उलटं उमटणारच, आणि ते उलटं आहे हे कुणाला कळणार? मूळ पुस्तक गेलेलं. ह्यांचा पातळ कागद छापखान्यात गेलेला. अख्ख्या मराठी मुलखात ते चित्र सुलटं पाहिलेली आणि ध्यानात ठेवलेली मी एकटी असेन.

पण हा नुसता माझा तर्क होता. साक्ष कुणाची काढायची? घंगाळ असतं तरी उपयोग नव्हता, ते काय, पळी फिरवाल तसं फिरतं. साक्षीदार एकच उरला होता, माझा भोवरा. हे म्हणाले होते, अगदी चित्रातल्यासारखा. तो सव्य निघाला तर ती दुपार खरी आणि छापलेलं चित्र उलटं. तो अपसव्य निघाला तर मी खोटी. आणि हा साक्षीदार माझ्याच डोक्यावर बसलेला, आणि मला दिसत नव्हता. आरसा आमच्या वाट्याला नाही, आणि असता तरी त्यानं उलटंच दाखवलं असतं. जावेला विचारावं तर संध्याकाळच्या आत सगळ्या आळीला कळलं असतं की हिचं डोकं फिरलंय.

राहिला न्हावी.

माझ्या उभ्या जन्मात मी त्याची वाट पाहीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर दार लावलं असतं. पण मी दिवस मोजले. तो आला, मी बसले, पदर मागे केला, आणि माझ्या तोंडाला कुलूप पडलं. काय म्हणून विचारू? इतकी वर्षं ज्याच्याशी एक शब्द बोलले नाही, ज्याच्या नावानं मनात बोटं मोडली, त्याला? मी धीर गोळा करेपर्यंत वस्तरा डोक्यावरून फिरलासुद्धा. बोडक्या डोक्यावर भोवरा दिसत नाही, त्याला थोडे तरी खुंट लागतात. म्हणजे आणखी पंधरा दिवस. तो गेल्यावर मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

पुढच्या खेपेला त्यानं वाटीत पाणी घेतलं तोच मी म्हटलं, “थांबा जरा.”

वाटी त्याच्या हातातून पडता पडता राहिली. “काय झालं माई? लागलं काय?”

“नाही. माझ्या डोक्यावरचा भोवरा दिसतोय का?”

“दिसतोय की. हा काय.”

“तो कुठल्या बाजूनं फिरतो ते मला सांगा. नुसतं सांगू नका, बोट फिरवून दाखवा. बाहेरून सुरू करायचं आणि आत यायचं.”

त्यानं वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता हा उठून दिरांना हाक मारणार. पण त्यानं हात धोतराला पुसले आणि टाळूच्या मागे एक बोट ठेवलं. बोट खरखरीत होतं. “इकडनं,” तो म्हणाला, “असा येतो... असा वळतो... आन् हितं मधी.”

बोट सव्य फिरलं होतं.

“बाहेरून आतच ना?”

“हां, बाहेरनं आत. देवाच्या फेऱ्यावानी.” मग तो स्वतःशीच म्हणाला, “बहुतेकांचा दुसऱ्या अंगानं असतो. इतकी डोकी केली मी, असे चार-दोनच पाह्यले.”

मी मान खाली घातली आणि रडले. पुष्कळ रडले. तो वाटी हातात धरून तसाच बसून राहिला, आणि माझं आटपल्यावर म्हणाला, “करू आता?” मी म्हटलं, करा.

त्या दुपारी मी पुस्तक परसात नेलं आणि ते पान उचलून उन्हासमोर धरलं. कागद पातळ होता. पाठीमागून पाहिलं तर चित्र उमटून दिसत होतं, आणि पाठीमागून ते सुलटं होतं. मी बोट ठेवलं, बाहेरून आत, आणि बोट सव्य गेलं. अक्षरं उलटी दिसत होती, पण ती मला पाठ होती.

चित्र उलटं छापलंय हे मी कुणालाच कळवलं नाही. त्या मास्तरांना पत्र लिहावं असं मनात आलं होतं, पण मला कसं कळलं असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

पंधरा दिवसांनी न्हावी आला. वाटीत पाणी घेण्याआधी तो थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी पुन्हा तेच विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.